ग्रहांच्या ध्रुवांवरचा बर्फ : थंडीमुळे की आसाच्या कलामुळे?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

जानेवारी २०२५ मध्ये मंगळ प्रतियुतीत होता, म्हणजे पृथ्वीवरून बघता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. त्याआधी महिनाभर आणि नंतर महिनाभर, आकाश मोकळं मिळेल त्या प्रत्येक रात्री मी आठ इंची दुर्बीण लावून बसत होतो. मंगळ जवळ आला तरी साडेनऊ कोटी किलोमीटरच्या पलीकडेच होता. तबकडी लहान, आणि बहुतेक वेळ ती वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी थरथरत राहायची. पण मधूनच हवा दोन-तीन सेकंद शांत व्हायची, आणि तेवढ्या वेळात केशरी कडेवर एक पांढराशुभ्र ठिपका टचकन उमटायचा. त्याला लागून काळसर किनार. मंगळाची उत्तर हिमटोपी. डिसेंबरातलं आणि फेब्रुवारीतलं रेखाटन शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा टोपी आकसल्याचं माझ्याच हातच्या रेघांत दिसलं. दुसऱ्या एका ग्रहावर वसंत आलाय आणि तिथला बर्फ उडून चाललाय, हे असं घरबसल्या बघायला मिळतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तेव्हापासून या विषयाचं वाचन सुरू आहे. सुरुवातीला माझी समजूत अगदी साधी होती : ग्रह सूर्यापासून जितका लांब तितका थंड, आणि जितका थंड तितका ध्रुवावर बर्फ जास्त. ही समजूत पहिल्यांदा मोडली ती बुधाने. सूर्याच्या सगळ्यात जवळचा ग्रह, भरदुपारी ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा, आणि त्याच्या ध्रुवांजवळच्या विवरांत पाण्याचा बर्फ आहे! दुसऱ्यांदा मोडली ती प्लुटोने (त्याला आता बटुग्रह म्हणतात, पण या विषयात त्याला बाहेर ठेवता येत नाही). तिथला बर्फाचा सगळ्यात मोठा साठा ध्रुवापेक्षा विषुववृत्ताला जवळ आहे.

दोन्हींची उकल एकाच गोष्टीत सापडते असं मला वाटतं : ग्रहाचा आस किती कललेला आहे. बुधाचा आस जवळजवळ ताठ, कल एका अंशाच्या तिसाव्या भागाइतका. मंगळाचा सुमारे २५ अंश. प्लुटोचा सुमारे १२० अंश, म्हणजे तो आडवा पडून त्याच्याही पुढे गेलेला. सूर्यापासूनचं अंतर बर्फ *कशाचा* असेल ते ठरवतं, आणि कल तो बर्फ *कुठे* राहील ते ठरवतो, असं माझं म्हणणं आहे. यात काय चुकतंय ते जाणकारांनी सांगावं.

भूगोलवाली

फार आवडता विषय. शाळेत हे मी चेंडू आणि विजेरीने दाखवते, तेच इथे सांगते.

रबरी चेंडूतून विणकामाची सुई आरपार घालायची. सुई जिथून बाहेर येते त्याच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर, चेंडूला खिळ्याने एक खोल खड्डा पाडायचा. खोलीत अंधार करून विजेरी टेबलावर आडवी ठेवायची आणि सुई नीट उभी धरून चेंडू फिरवायचा. खड्ड्याच्या काठावर उजेड लागतो, पण तळ काळाच राहतो, कितीही फिरवा. आता सुई थोडीशी विजेरीकडे झुकवायची. लगेच उजेड खड्ड्यात उतरतो. मुलं इथे हमखास "आँ" करतात. बुध म्हणजे सरळ सुई. त्याच्या ध्रुवावर उभं राहिलं तर सूर्य कायम क्षितिजाला चिकटलेला दिसेल, वर चढणारच नाही. मग विवराच्या तळाशी ऊन पोचणार कसं? आणि बुधावर नाव घेण्याजोगी हवा नाही, त्यामुळे तापलेल्या भागाची ऊब वाऱ्याने ध्रुवाकडे वाहून येत नाही. तिथली सावली सावलीच राहते.

उल्का

भूगोलवाली, प्रयोग सुंदर आहे. करून बघणार.

बुधावरच्या बर्फाचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखं आहे. १९९१ मध्ये गोल्डस्टोनच्या ७० मीटर व्यासाच्या अँटेनाने बुधाकडे रेडिओलहरी सोडल्या, आणि परत आलेले प्रतिध्वनी न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरेच्या तबकड्यांनी टिपले. उत्तर ध्रुव लख्ख चमकला. प्रतिध्वनीची जात अगदी गुरूच्या बर्फाळ चंद्रांकडून येणाऱ्या प्रतिध्वनीसारखी होती. पुढे पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या रडारने नकाशे काढले, तेव्हा चमकणारे डाग मरिनर १० यानाने छायाचित्रांत टिपलेल्या विवरांवर बरोबर बसले.

तरी वीस वर्षं हे सगळं 'बहुधा' याच पातळीवर होतं. मेसेंजर यान २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरलं, त्याने न्यूट्रॉन मोजून ध्रुवाजवळ हायड्रोजनचं प्रमाण जास्त असल्याचं दाखवलं, आणि लेझरने विवरांचे तळ तपासले. इथे मला सगळ्यात गंमत वाटलेली गोष्ट : बरेचसे तळ पांढरे निघाले नाहीत, उलट आजूबाजूच्या जमिनीपेक्षाही काळे निघाले. बर्फावर कार्बनी पदार्थांचा पातळ काळा थर बसला आहे, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. धूमकेतूंनी आणि लघुग्रहांनी पाणी आणलं, सोबत हा माल आणला. वरवरचा बर्फ उडून गेला, काळा गाळ मागे राहिला, आणि त्या गाळानेच खालच्या बर्फावर पांघरूण घातलं. प्रोकोफिएव्हसारख्या मोठ्या विवरांत जिथे थंडी पुरेशी कडक आहे, तिथे मात्र बर्फ उघडा आहे आणि लेझरला उजळ दिसतो.

प्रश्नचिन्ह

वाचतेय. एक शंका. शुक्राचा आसही जवळजवळ सरळच आहे ना? तो उलटा फिरतो, पण कल मोजला तर तीन अंशांच्या आतच. मग ध्रुवमत्स्य यांच्या हिशेबाने शुक्राच्या ध्रुवांवरच्या विवरांत बर्फ हवा.

जुनी_दुर्बीण

अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. शुक्राच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या नव्वदपटींहून जास्त हवेचा दाब आहे आणि ती हवा कार्बन डायऑक्साइडची आहे. इतकं जड वातावरण उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं. ध्रुवावर आणि विषुववृत्तावर, दिवसा आणि रात्री, पृष्ठभाग सुमारे ४६५ अंशांवरच. तिथे सावली असून नसल्यासारखी. म्हणून धाग्यातल्या नियमाला पुस्ती जोडावी लागेल : आधी हवा किती ते बघा, मग कल बघा.

ध्रुवमत्स्य

मान्य. वातावरणाचा मुद्दा मी मूळ लेखात घेतलाच नव्हता, तो पहिल्याच ओळीत यायला हवा होता. बुध, चंद्र यांना हवा नाही, तिथे कल एकटा राज्य करतो. चंद्राचा कल दीड अंश, त्यामुळे त्याच्याही ध्रुवांवर कायम सावलीतली विवरं आहेत. ९ ऑक्टोबर २००९ रोजी एलक्रॉस मोहिमेत एक रिकामा रॉकेटचा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबेयस विवरात मुद्दाम आपटला, आणि उडालेल्या धुरळ्यात पाणी सापडलं.

शुक्र दुसऱ्या टोकाला. आणि मंगळ मधला : हवा आहे, पण पृथ्वीच्या एका टक्क्याहूनही कमी दाबाची. म्हणून तिथे गोष्ट सगळ्यात रंगते.

टेकडीवरून

चर्चा छान चालली आहे, पण शब्दाबद्दल एक हरकत. बुधावर आणि चंद्रावर जे आहे त्याला 'हिमटोपी' म्हणू नये. टोपी म्हणजे डोक्यावर घातलेली. हा तर खड्ड्याच्या तळाशी दडलेला बर्फ आहे, अवकाशातून बघितलं तर दिसणारही नाही.

भूगोलवाली

हरकत रास्त आहे. पृथ्वीवरच्या हिमविज्ञानात तर नावं आकारावरून ठरतात. ५० हजार चौरस किलोमीटरच्या आतला घुमटाकार बर्फ ती हिमटोपी, त्याच्याहून मोठा तो हिमस्तर. त्या मापाने अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड दोन्ही हिमस्तर झाले. आणि आर्क्टिकचा बर्फ यांतलं काहीच नाही, तो समुद्राच्या पाण्यावर तरंगणारा, काही मीटर जाडीचा थर. आपण एकाच दमात 'दोन्ही ध्रुवांवरचा बर्फ' म्हणतो, पण दक्षिणेला सरासरी दोन किलोमीटर जाडीचा डोंगर आहे आणि उत्तरेला साय. मुलांना हा फरक सांगितला की ती नकाशाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

ग्रहांच्या बाबतीत मात्र आकार न बघता 'हिमटोपी' हा शब्द रुळला आहे. मंगळाला तो शोभतोही.

जुनी_दुर्बीण

मंगळाचा इतिहास थोडा तपशिलात लिहितो, कारण या एका पांढऱ्या ठिपक्याने लोकांना तीनशे वर्षं चकवलं आहे.

सतराव्या शतकात कॅसिनी आणि हायगेन्स यांनी मंगळावर पांढरे डाग पाहिले. मराल्डीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं की दक्षिणेचा डाग बरोबर ध्रुवावर नाही, थोडा सरकलेला आहे. विल्यम हर्शेलने १७८४ मध्ये हे डाग म्हणजे बर्फ असावा असं लिहिलं. ध्रुवमत्स्य, तुमच्या मुद्द्याशी थेट जोडलेली गोष्ट अशी की हर्शेलने याच डागांच्या जागा मोजून मंगळाच्या आसाचा कल काढला. त्याला तो साधारण पावणेएकोणतीस अंश मिळाला. आजचा आकडा २५.२ अंश. त्या काळच्या आरशातून बघून केवळ साडेतीन अंशांची चूक!

आता चकवा. पृथ्वीसारखा कल, पृथ्वीसारखे ऋतू, चोवीस तासांहून थोडा मोठा दिवस, आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या टोप्या. मग त्या पाण्याच्याच असणार, हे गृहीतच धरलं गेलं. पर्सिव्हल लोवेल या खगोलनिरीक्षकाने तर वितळलेलं पाणी कालव्यांतून विषुववृत्ताकडे नेणारी संस्कृती कल्पनेत उभी केली. १८९८ मध्ये जॉन्स्टन स्टोनी यांनी टोप्या कार्बन डायऑक्साइडच्या असू शकतील असं सुचवलं होतं, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि तिथली हवा किती विरळ आहे ते कळलं. त्या आकड्यावरून लेटन आणि मरी यांनी १९६६ मध्ये गणित मांडलं. सूर्याकडून येणारी उष्णता, जमिनीतून जाणारी उष्णता, अवकाशात निसटणारी उष्णता, सगळ्याचा ताळेबंद. उत्तर असं आलं की हिवाळ्यात ध्रुवाचं तापमान उणे १२५ अंशांच्या आसपास उतरतं, आणि त्या तापमानाला मंगळाची हवाच गोठते. कार्बन डायऑक्साइड जमिनीवर उतरतो, ज्याला आपण कोरडा बर्फ म्हणतो तो होतो. वसंतात तो न वितळता थेट वायू होतो, म्हणजे संप्लवन. त्यामुळे अख्ख्या ग्रहाचा हवेचा दाब वर्षभर खाली-वर होत राहणार, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

१९६९ मध्ये मरिनर ७ दक्षिण टोपीवरून गेलं. त्याच्या अवरक्त वर्णपटात टोपीच्या कडेजवळ मिथेन आणि अमोनिया सापडल्याचं पत्रकार परिषदेत जाहीर झालं, म्हणजे जीवसृष्टीचीच चाहूल! नंतर दावा मागे घ्यावा लागला. त्या रेषा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्याच होत्या. ज्या पदार्थाचं भाकीत तीन वर्षं आधी छापून आलं होतं, तोच समोर उभा होता आणि ओळखू आला नाही.

१९७६ मध्ये व्हायकिंगची दोन्ही याने उतरली आणि त्यांच्या दाबमापकांनी सगळं स्पष्ट केलं. वर्षात दोनदा दाब उतरतो, एकदा दक्षिणेच्या हिवाळ्यात आणि एकदा उत्तरेच्या. दक्षिणेच्या हिवाळ्यातली घट मोठी, कारण तेव्हा मंगळ सूर्यापासून लांब असतो, हळू चालतो, आणि हिवाळा लांबतो. मंगळाच्या दिवसांत मोजलं तर दक्षिणेचा हिवाळा १७८ दिवसांचा आणि उत्तरेचा १५४.

प्रश्नचिन्ह

म्हणजे हवाच गोठून जमिनीवर पडते? किती हवा?

जुनी_दुर्बीण

ढोबळ मानाने पाव भाग, काही अंदाजांत त्याहून जास्त. आणि त्याची जाडी फार नाही, एक ते दोन मीटर. मंगळाभोवती फिरणाऱ्या ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या लेझर उंचीमापकाने ही एवढीशी जाडी वरून मोजली. हिवाळ्यात ध्रुवाची जमीन उंच होते, वसंतात खाली बसते. पृथ्वीवर असं काही कल्पनेतही आणता येत नाही : पावसाळी ढग नव्हे, हवेचा चौथा हिस्सा दरवर्षी एका ध्रुवावरून उठतो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो.

टेकडीवरून

मग ध्रुवमत्स्य यांनी दुर्बिणीतून पाहिली ती टोपी कशाची? पाण्याची की कोरड्या बर्फाची?

ध्रुवमत्स्य

दोन्हींची. वर हिवाळ्यात साचलेला कोरड्या बर्फाचा पातळ थर आणि खाली पाण्याच्या बर्फाची कायमची टोपी, सुमारे हजार किलोमीटर रुंद, जाडीला दोन-तीन किलोमीटर. उन्हाळ्यापर्यंत वरचा थर पार उडून जातो. व्हायकिंगच्या कक्षायानाने उत्तरेच्या उन्हाळ्यात उरलेल्या टोपीचं तापमान मोजलं, ते उणे ६८ अंशांच्या आसपास आलं. त्या तापमानाला कोरडा बर्फ टिकूच शकत नाही. म्हणजे उरलेला बर्फ पाण्याचा, हे थर्मामीटरनेच सांगितलं.

दक्षिणेला उलट. तिथे भर उन्हाळ्यातही कोरड्या बर्फाचा थर शिल्लक राहतो, साधारण आठ मीटर जाडीचा, आणि त्याच्याखाली पाण्याचा बर्फ. हा उरलेला तुकडा मराल्डीने म्हटल्याप्रमाणे खरंच ध्रुवापासून सरकलेला आहे. त्याचं कारण २००५ मध्ये पुढे आलं : हेलास नावाचं प्रचंड खोल खोरं दक्षिण गोलार्धात आहे, ते वाऱ्यांची घडी अशी बसवतं की ध्रुवाच्या एका बाजूला कोरड्या बर्फाचा हिमवर्षाव होतो आणि दुसऱ्या बाजूला नुसतंच दव गोठतं. भुरभुरीत हिम पांढरं, ऊन परतवतं, म्हणून टिकतं. दुसऱ्या बाजूचा बर्फ काचेसारखा, काळसर, ऊन पितो, म्हणून जातो.

उल्का

त्या काचेसारख्या बर्फावरूनच सांगते. दक्षिण ध्रुवाजवळ वसंतात जे घडतं ते मला सगळ्या सूर्यमालेत सगळ्यात विलक्षण वाटतं.

कोरड्या बर्फाची पारदर्शक लादी जमिनीवर पसरलेली असते. सूर्य उगवला की ऊन लादीतून आरपार जाऊन खालची काळी वाळू तापवतं. लादी खालून वायू व्हायला लागते, पण वरून बंद. दाब वाढत जातो. कुठेतरी तडा जातो आणि त्यातून वायू कारंज्यासारखा उसळतो, सोबत धूळ घेऊन. वाऱ्याच्या दिशेने बर्फावर काळे पंखे पसरलेले दिसतात. वायू भोकाकडे धावताना जमीन कोरत जातो, आणि उन्हाळ्यात बर्फ गेला की खाली फांद्या फुटलेले चर उघडे पडतात, मधल्या खड्ड्यातून चहूकडे गेलेले. त्यांना शास्त्रज्ञ 'कोळी' म्हणतात. काही कोळी किलोमीटरभर पसरलेले आहेत. २००६ मध्ये कीफर आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी केली. २०२१ मध्ये प्रयोगशाळेत कमी दाबाखाली कोरड्या बर्फाचा ठोकळा गरम वाळूवर टेकवून तसेच फांद्यांचे चर पाडून दाखवले गेले.

पृथ्वीवर कोळी नाहीत, कारण आपली हवा गोठत नाही. आपल्याकडच्या भूरूपांवरून मंगळ समजून घ्यायला गेलं की इथे हात टेकावे लागतात.

आकडेमोड

धागा वाचून थोडी बेरीज केली. रडारने मोजलेलं दक्षिणेच्या थरांचं घनफळ सुमारे १६ लाख घन किलोमीटर, उत्तरेचं सुमारे ८ लाख. मंगळाचं क्षेत्रफळ १४.५ कोटी चौरस किलोमीटर. दक्षिणेचा बर्फ सगळा पाणी करून ग्रहभर सारखा पसरला तर ११ मीटर खोल पाणी होईल. उत्तरेचं धरून साडेसोळा.

तुलनेला : ग्रीनलंड २९ लाख घन किलोमीटर, अंटार्क्टिका सुमारे २ कोटी ६५ लाख. म्हणजे मंगळाच्या दोन्ही टोप्या मिळून एका ग्रीनलंडलाही पुरत नाहीत. मला आकडा याहून मोठा वाटला होता.

टेकडीवरून

आणि त्या कोरड्या बर्फाचा वायू करून मंगळाला पृथ्वीसारखं करायचं, असं जे म्हणतात त्याचं काय?

आकडेमोड

२०१८ मध्ये जाकोस्की आणि एडवर्ड्स यांनी हाच हिशेब केला. ध्रुवांवरचा सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तरी दाब फार तर दुप्पट होतो. पृथ्वीच्या दाबाच्या एक-सव्वा टक्का. पाणी वाहतं ठेवायला ते कुठेच पुरत नाही. विषय मिटला.

ध्रुवमत्स्य

आकडेमोड, धन्यवाद. ग्रीनलंडची तुलना मी वहीत उतरवून घेतली.

आता कलाकडे परत येतो, कारण माझा खरा मुद्दा अजून मांडायचा राहिला आहे. मंगळाचा कल आज २५ अंश आहे, पण तो स्थिर नाही. गेल्या काही दशलक्ष वर्षांत तो साधारण १५ ते ३५ अंशांमध्ये झुलत आला आहे, सुमारे एक लाख वीस हजार वर्षांच्या आवर्तनाने. त्याहून मागे गेलं तर झोके आणखी मोठे. १९९३ मध्ये लास्कर आणि इतरांनी दाखवलं की मंगळाचा कल मुळातच बेभरवशाचा आहे, ६० अंशांपर्यंतही जाऊ शकतो. पृथ्वीचा कल मात्र २२.१ ते २४.५ अंशांतच राहतो, कारण आपला चंद्र मोठा आहे आणि तो आस धरून ठेवतो. मंगळाचे दोन चंद्र त्या कामाचे नाहीत.

कल वाढला की ध्रुवांवर ऊन जास्त पडतं, बर्फ तिथून उठतो आणि मध्य अक्षांशांवर, अगदी विषुववृत्ताजवळच्या ज्वालामुखींच्या उतारावरही जाऊन बसतो. आर्सिया पर्वताच्या पायथ्याशी हिमनद्यांच्या खुणा आहेत त्या तेव्हाच्या. कल उतरला की बर्फ ध्रुवाकडे परततो. उत्तरेची आजची टोपी याच हिशेबाने फक्त चार-पाच दशलक्ष वर्षांची मानतात. ग्रह साडेचार अब्ज वर्षांचा आणि टोपी कालपरवाची!

आणि या येण्याजाण्याची नोंद टोपीतच आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या रिकनेसन्स ऑर्बिटर यानाच्या कॅमेऱ्याने टोपीच्या कड्यांची चित्रं काढली आहेत. उभ्या कड्यावर पातळ थर, एक उजळ, एक मळकट, पुन्हा उजळ, खाली खाली शेकडो. उजळ म्हणजे स्वच्छ बर्फ, मळकट म्हणजे धूळ जास्त. फेब्रुवारी २००८ मध्ये असाच एका कड्याचा फोटो घेताना त्या कॅमेऱ्यात चालू हिमस्खलनच सापडलं. कड्याच्या पायथ्याशी उठलेला धुरळ्याचा लोट त्या चित्रात स्पष्ट दिसतो.

भूगोलवाली

थरांवरून लगेच अंटार्क्टिका आठवलं. तिथे एपिका प्रकल्पात तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून बर्फाचा गाभा काढला, त्यात आठ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत अडकलेली मिळाली. बुडबुडे फोडले की त्या काळचा कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. मंगळावर असा गाभा काढायला मिळाला तर काय काय कळेल!

जुनी_दुर्बीण

गाभा दूरच, तिथे उतरणंही कठीण गेलंय. मार्स पोलर लँडर ३ डिसेंबर १९९९ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना हरवलं, पुन्हा आवाज आला नाही. २५ मे २००८ रोजी फिनिक्स यान उत्तरेला ६८ अंशांवर व्यवस्थित उतरलं. तेही टोपीवर नव्हे, टोपीच्या अलीकडच्या मैदानात. त्याने यांत्रिक हाताने वीतभर चर खणला, तर तळाशी पांढरे खडे निघाले, सोंगटीच्या फाशाएवढे. चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो घेतला, खडे गायब. मीठ असतं तर राहिलं असतं, उडून गेलं म्हणजे बर्फ. इतका सरळ पुरावा विज्ञानात क्वचित मिळतो. पुढे हिवाळा आला, कोरडा बर्फ यानावर साचला, आणि २०१० मध्ये वरून काढलेल्या चित्रांत त्याचे सौरपंख मोडलेले दिसले. तिथली हवा अंगावर गोठून बसते ती अशी.

प्रश्नचिन्ह

दक्षिण टोपीखाली तळं सापडल्याचं वाचलं होतं. ते खरं आहे का?

उल्का

२०१८ मध्ये मार्स एक्सप्रेस यानाच्या रडारला बर्फाखाली दीड किलोमीटरवर २० किलोमीटर रुंदीचा चमकदार पट्टा दिसला, आणि खारं पाणी असावं असा अर्थ लावला गेला. पण तितक्या थंडीत पाणी द्रव राहायला कठीण, आणि चिकणमातीसारख्या पदार्थांनीही तशी चमक येऊ शकते असं इतरांनी दाखवलं. मी स्वतः त्याला तळं म्हणत नाही.

ध्रुवमत्स्य, प्लुटोचं राहिलं. तुमच्या सिद्धांताची खरी परीक्षा तिथेच आहे आणि तिथे तो उतरतो. कल ५४ अंशांच्या पुढे गेला की वर्षभराची सरासरी काढल्यावर ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा *जास्त* ऊन मिळतं. प्लुटो त्याच्या कितीतरी पुढे. त्यामुळे तिथे थंड पट्टा मधोमध. जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाने दाखवलेला तो प्रसिद्ध फिकट पांढरा हृदयाकार, त्याचा डावा अर्धा भाग म्हणजे स्पुटनिक मैदान, नायट्रोजनच्या बर्फाने भरलेलं हजार किलोमीटरचं खोरं. उत्तर ध्रुवावर मिथेनचा बर्फ आहे, पण मोठा साठा खाली. आणि प्लुटोचा चंद्र शेरॉन, त्याच्या ध्रुवावर चक्क लालसर टोपी! प्लुटोवरून निसटलेला मिथेन शेरॉनच्या थंड ध्रुवावर गोठतो आणि किरणांच्या माऱ्याने लाल पदार्थात बदलतो. एकाची हवा दुसऱ्याच्या डोक्यावर.

टेकडीवरून

शेरॉनच्या बाबतीत 'टोपी' शब्दाला माझी हरकत नाही.

प्रश्नचिन्ह

मला पुढच्या वेळी मंगळाची टोपी स्वतः बघायची आहे. माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. जमेल का?

ध्रुवमत्स्य

जमेल. पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला, मंगळ सिंह राशीत असेल. या वेळेपेक्षाही तबकडी किंचित लहान, पण उत्तर ध्रुव आपल्याकडे झुकलेला असेल आणि तिथे वसंत उतरणीला लागलेला असेल. टोपी छोटी आणि कडा रेखीव मिळेल. पहिल्या रात्री काही दिसलं नाही तर सोडू नका, डोळा तयार व्हायला आठवडा जातो.

एक गोष्ट जरूर करा. २०२६ च्या शरदापासूनच बघायला लागा, तबकडी लहान असली तरी. ध्रुवावर हिवाळी ढगांचं झाकण असतं, ते नवख्या डोळ्याला टोपीच वाटतं. ओळखायची खूण सोपी : आयपीसवर निळा फिल्टर लावून बघा, मग लाल लावून बघा. निळ्यात उजळ आणि लालमध्ये फिकट होत असेल तर तो ढग. लालमध्येही तसाच लख्ख राहिला तर जमिनीवरचा बर्फ.

प्रश्नचिन्ह

लाल फिल्टर आहे, निळा मिळवते. रेखाटनासाठी वर्तुळ केवढं काढता?

ध्रुवमत्स्य

पाच सेंटिमीटर व्यासाचं. आधी टोपी काढायची, मग बाकीचं, कारण हवा कधी बिघडेल सांगता येत नाही. वेळ मिनिटापर्यंत लिहायची. ऑक्टोबरमध्ये पहिलं रेखाटन झालं की इथेच टाका, मीही टाकतो.